क्वार्ट्झसाइट

क्वार्ट्झसाइट : अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील, निवृत्त दांपत्यांच्या हिवाळी मुक्कामासाठी ख्यातनाम असलेले ला पाझ परगण्यातील वाळवंटी गाव.

चार्ल्स टायसन याने १८५६ मध्ये येथे बांधलेल्या गढीभोवती ही वस्ती उदयास आली. अमेरिकी लष्कराच्या उंटप्रयोगातील उंटवान हाजी अली (मृत्यू १९०२) याची उंटाची आकृती मिरविणारी पिरॅमिडवजा समाधी येथेच आहे. उत्तरेकडील राज्यांतून व कॅनडातून मोटारघरे (पहा : मोटारघर) घेऊन येणाऱ्यांची हिवाळी रीघ वाढल्यावर, सरकारी जमिनींची व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रीय खात्याने १९८३ मध्ये दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे आखून दिली, त्यांपैकी ला पोसा हे गावाच्या दक्षिणेस असून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मुदतीत तेथे राहण्यास शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो.

खाजगी तळांवर प्रत्येक जागेस वीज, नळ व सांडपाण्याची जोडणी मिळते. उघड्या सरकारी रानात मात्र सौरपट्ट, पाण्याची टाकी आणि मैलापाणी ठराविक ठिकाणी नेऊन रिते करण्याचा नित्यक्रम यांवर संसार चालतो. पाचरी व टेकू लावून गाडी समतल करणे, दारापुढे चटई अंथरून कनात ताणणे, एवढ्यात घर मांडून होते. जानेवारी-फेब्रुवारीत रत्ने व खनिजे (पहा : खनिजविज्ञान) यांचे बाजार भरतात. उन्हाळ्यात पारा ४०° से. ओलांडतो व तळ ओस पडतात, त्यामुळे स्थानिक व्यापाराची भिस्त, काहीशी बेभरवशाची, या हंगामी रहिवाशांवरच राहते (पहा : सोनोरन वाळवंट).