माशांच्या काचपेटीतील पाणी कोण धुतो?



कामगार चळवळीतला मनुष्य व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर संप यांवर बोलणार असे श्रोते धरून चालतात, आणि बहुधा तसेच घडते. आज मी घरातल्या माशांच्या काचपेटीवर बोलणार आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. शाळा दहावीला सुटली. त्यापुढे जे वाचले ते संघटनेच्या कामातून वेळ काढून ग्रंथालयाच्या बाकावर बसून वाचले. या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. हातून घडलेल्या एका चुकीमुळे वळलो.

काही वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टाखातर मी घरी दोन फुटी काचपेटी आणली. तळाशी वाळू, कोपऱ्यात स्पंजाची लहानशी गाळणी, हवेचा पंप आणि चार सोनेरी मासे. चारपाच महिने सारे सुरळीत चालले. पुढे दिवाळी आली. घरातली भांडीकुंडी निघाली तशी मी ही पेटीही रिकामी केली. वाळू ब्लीचिंग पावडरीत भिजवून सात-आठ पाण्यांनी खळखळून धुतली, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला. ताजे पाणी दोन दिवस उघडे ठेवून त्यातला क्लोरीन जाऊ दिला आणि मग भरले. पाणी आरशासारखे दिसत होते. पाचव्या दिवशी दोन मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले आणि आठवडा सरण्याच्या आत चारही गेले. मुलगी म्हणाली, "बाबा, पाणी घाण होतं तेव्हा ते जगले. स्वच्छ केल्यावर मेले कसे?"

मला उत्तर देता आले नाही. गावी आईला दूरध्वनीवर ही हकिकत सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आमच्या बावीतले मासे कोण धुवूक जाता रे?" आमचे नांदगाव कणकवली तालुक्यातले. घरामागच्या विहिरीत डास होऊ नयेत म्हणून कोणी तरी कधी काळी मासे सोडलेले आहेत. त्यांना कोणी खाणे घालीत नाही, त्यांचे पाणी कोणी बदलीत नाही. आईचा हा प्रश्न आणि मुलीचा प्रश्न मुळात एकच आहे हे ध्यानात यावयास मला पुष्कळ वाचावे लागले.

प्रथम रोग काय तो सांगतो. मासा आपल्या शरीरातला नत्राचा उकिरडा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखे नितळ असूनही त्यात मासा गुदमरू शकतो. अमोनियाचे पुढे नायट्राइट होते. तेही विषारीच, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती मारते. त्यानंतर होते ते नायट्रेट. ते त्यामानाने पुष्कळच निरुपद्रवी, आणि वनस्पती ते खाऊन वाढतात. हे दोन टप्पे घडवून आणतात ते सूक्ष्म जंतू. ते पाण्यात फारसे तरंगत नाहीत; वाळूच्या कणांना, काचेला, स्पंजाच्या छिद्रांना बुळबुळीत थर होऊन चिकटून राहतात. जो थर मी घाण समजून ब्लीचिंग पावडरीने घालविला, तोच पाणी धूत होता.

ही गोष्ट आज शाळेतले मूलही शिकते. परंतु ती माणसाला कळली कशी, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. ती मासे पाळणाऱ्यांनी शोधलीच नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडील मला मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय दाखवावयास घेऊन गेले होते. वडील गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपाला अजून तीनचार वर्षे अवकाश होता. मरीन ड्राइव्हवरील हे मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडले. (२०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते पुन्हा सुरू झाले होते, पुढे बंद झाले. आमच्या बाजूला रत्नागिरीचे सागरी संशोधन केंद्र १९५८ चे, तेथेही मत्स्यालय आहे.) वडिलांनी तिथल्या पहारेकऱ्याला विचारलेले एक वाक्य मला अजून आठवते: "एवढं पाणी रोज बदलता की काय?" तो नुसता हसला. वडिलांच्या प्रश्नाला उत्तर होते, पण ते सापडावयास जगाला शंभर-सव्वाशे वर्षे लागली होती.

लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ साली बारा गॅलनांच्या काचपात्रात दोन सोनेरी मासे, वाळूचिखल आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली. पाणी बदलावयाचे नाही असा त्याचा निश्चय. काही काळाने जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजके खाऊन टाकले आणि पात्र पुन्हा सुस्थितीत आले. १८५० साली त्याने यावर निबंध वाचला. मासा प्राणवायू घेतो, वनस्पती तो देते, गोगलगाय झाडूवाल्याचे काम करते, असा त्याचा हिशेब होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले, १८५४ साली फिलिप गॉस याच्या पुस्तकाने "ॲक्वेरियम" हा शब्द घरोघर नेला, आणि इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत काचपेट्यांचे वेड पसरले. पुष्कळांच्या पेट्या नासल्या हे सांगावयास नकोच.

वॉरिंग्टनचा हिशेब चूक नव्हता, अपुरा होता. त्याच्या पात्रातले सर्वांत मोठे काम करणारा कामकरी हजेरीपटावर नव्हताच. गोगलगाय कुजके पान खाते खरे, पण तीही अमोनियाच सोडते. तळाच्या वाळूवर काय चालले आहे हे पाहावयाचे कोणाला सुचले नाही. आणि तरीही अनुभवी लोक योग्य तेच करीत होते. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये विल्यम लॉइड याने बांधलेल्या मत्स्यालयात तळघरात अंधाऱ्या मोठमोठ्या टाक्या ठेवून समुद्राचे तेच पाणी अहोरात्र फिरते ठेवले होते. पाणी जुने झाले की सुधारते असे या मंडळींना अनुभवाने कळत होते. कारण कळत नव्हते.

कारण सापडले ते गटारात. पॅरिसच्या सांडपाण्याचे करावयाचे काय या चिंतेतून श्लोसिंग आणि म्यूंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून सांडपाणी थेंबथेंब सोडले. वीस दिवस काही घडले नाही. अमोनिया वरून घातला तसाच खाली येई. त्यानंतर एकाएकी नायट्रेट दिसू लागले आणि पुढे अमोनिया नाहीसाच झाला. तोवरची समजूत अशी की मातीच्या छिद्रांतली हवा हे काम करते. हवेचेच काम असेल तर ते पहिल्याच दिवशी सुरू व्हावयास हवे. वीस दिवस वाट कशाची? त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबले. वाफ काढून टाकली तरी सुरू होईना. मग चांगल्या मातीचे धुवण थोडेसे आत ओतले, आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागले. हवा गुंगीत जात नाही. जिवंत प्राणी जातो. माझ्या पेटीत जे घडले ते सर्वच्या सर्व या नळीत घडून गेलेले होते.

आता योगायोग पाहा. ही बातमी वाचून रॉथॅमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेत ज्याने लगोलग पुढचे काम हाती घेतले तो होता काचपात्रवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा, नावही रॉबर्टच. हे काम एका जंतूचे नसून दोन जातींचे आहे, एक अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट, हे त्याने वर्षानुवर्षे खपून दाखवून दिले. पण ते जंतू वेगळे काढून वाढविणे त्याला साधले नाही. त्या काळी जंतू वाढवावयाचे ते जिलेटिनच्या खाद्यावर, आणि हे जंतू ते खातच नाहीत. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की याने १८९० साली झुरिचमध्ये ही अडचण ओलांडली. हे प्राणी अमोनिया जाळून शक्ती मिळवितात आणि हवेतल्या कर्बातून देह उभारतात. त्यांना भाकरी नको, सूर्यप्रकाशही नको. बापाच्या काचपात्रात जे होते ते मुलाने मातीत पाहिले. परंतु मासे पाळणाऱ्यांपर्यंत ते पोचावयास आणखी कित्येक दशके गेली.

आपल्या देशात या जंतूंची मजुरी फार जुनी आहे, हेही सांगितले पाहिजे. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा बिहारकडचे नुनिया लोक गुरांच्या मुताने भिजलेली गोठ्यांची आणि जुन्या भिंतींची माती धुऊन, आटवून काढीत. ईस्ट इंडिया कंपनीने तो जहाजे भरभरून विलायतेला नेला. ती माती पिकविली होती याच जंतूंनी. कोकणात गोठ्यातली माती माडाच्या मुळाशी घालतात, तिचाही गुण पुष्कळसा यातच आहे.

दुसरी एक हकिकत मला फार आवडते. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा फुंकली. पूर्ण शुद्ध व्हावयास सुमारे पाच आठवडे लागले. इथवर नवीन काही नाही. पण त्यांनी वरचे निवळ पाणी ओतून दिले आणि तळाचा गाळ राखून ठेवला. त्यावर पुन्हा सांडपाणी घातले, पुन्हा गाळ राखला. असे करता करता पाच आठवड्यांचे काम एका दिवसावर आले. तोवर सगळे तो गाळ फेकून देत होते. आज शहरोशहरी मैलापाणी याच पद्धतीने शुद्ध होते. या दोघांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाउलर पुढे १९१६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. शंभर वर्षांपूर्वी ही विद्या आपल्या दारात येऊन पोचली होती, आणि तरीही या देशात अजून माणूस गटारात उतरून गुदमरून मरतो. त्याविरुद्ध १९९३ साली एक आणि २०१३ साली दुसरा असे दोन कायदे झाले आहेत. विषय माशांचा आहे म्हणून मी येथे थांबतो.

काचपेटीच्या पुस्तकांत नत्राचे हे चक्र स्पष्टपणे आणण्याचे श्रेय पुष्कळ अंशी अमेरिकेतील स्टीफन स्पॉट यांच्या १९७० सालच्या ग्रंथाला जाते. वाळूखाली जाळी ठेवून पाणी वाळूतून ओढून घेणाऱ्या गाळण्या त्याआधीच निघाल्या होत्या. त्या कचरा अडवितात एवढेच बहुतेकांना वाटे. नंतरच्या संशोधनाने पाठ्यपुस्तकेही दुरुस्त केली. नायट्राइट खाणारा म्हणून विनोग्राद्स्कीपासून ज्याचे नाव चालत आले तो नायट्रोबॅक्टर गोड्या पाण्याच्या काचपेट्यांत मुख्य कामकरी नाही, ते काम नायट्रोस्पायरा नावाचे दुसरेच जंतू करतात, असे १९९० नंतरच्या दशकात होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखविले. २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा सापडले. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या गाळणीतच मिळाले. म्हणजे माशांच्या पाण्यातून एक मोठा शोध अखेर निघाला तो असा उशिरा.

हे जंतू हल्ली बाटलीतूनही विकत मिळतात. सगळ्याच बाटल्या खोट्या असतात असे मी म्हणणार नाही; पण बाटलीत जंतू जिवंत उरले आहेत की नाहीत हे वरून कळत नाही, आणि काही बाटल्यांत असतात ते दुसऱ्याच कामाचे, नुसते कुजके खाणारे. मी पैसे खर्चिले नाहीत. आमच्या चाळीतल्या एका शेजाऱ्याची पेटी सहा वर्षांची जुनी आहे. त्याच्याकडून ओंजळभर वाळू मागून आणली. ती धुतली नाही. ओलीच आणून आमच्या वाळूवर पसरली आणि प्रथम एकच मासा सोडला. खाणे अगदी चिमूटभर. औषधाच्या दुकानात नव्हे, माशांच्या दुकानात अमोनिया मोजण्याचे थेंब मिळतात. ते घालून मुलगी दर संध्याकाळी रंग पाही आणि वहीत लिहून ठेवी. पहिल्या आठवड्यात रंग हिरवा होत गेला तेव्हा आम्ही रोज थोडे पाणी बदलले. तिसऱ्या आठवड्याअखेर तो पिवळ्यावर आला. नायट्राइट खाली यावयास आणखी दोन आठवडे लागले. मग बाकीचे तीन मासे आणले.

आता दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलतो, आणि स्पंज त्या काढलेल्याच पाण्यात दोनदा बुचकळून परत ठेवतो. तो तपकिरीच असतो. पुढल्या दिवाळीत घरातली मंडळी झाडू-फडकी घेऊन निघाली तेव्हा मुलीने पेटीवर कागद चिकटवून ठेवला होता: "बाबांनी हात लावू नये."