वऱ्हाडातल्या जिनला कारखान्याचा कायदा लागू व्हायला इतका उशीर का झाला?

बार्शीटाकळी, अकोट, मूर्तिजापूर हा अकोल्याभोवतीचा पट्टा कापसाचा. १८६७ मध्ये मुंबई–नागपूर रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदराशी जोडला गेला. पुढच्या काळात इथे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. जिनमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात. हे काम वर्षभराचं नाही, हंगामाचं. कामगारांना कायद्याचं संरक्षण उशिरा मिळण्याचं मोठं कारण हेच ठरलं.

पहिला कायदा, १८८१

भारतातला पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये आला. त्यामागे मुलांच्या हालांची चिंता होती, तसाच मुंबईच्या गिरण्यांच्या स्पर्धेने धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबावही होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी रोज नऊ तासांची मर्यादा ठरली.

पण कायद्यासाठी ‘कारखाना’ म्हणजे यंत्रशक्तीवर चालणारा, किमान १०० कामगारांचा आणि वर्षात चार महिन्यांहून जास्त चालणारा. म्हणजे चार महिन्यांत हंगाम उरकणारा जिन आपोआप बाहेर. शिवाय वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचा मुलूख होता. कारभार इंग्रजांचा असला, तरी ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तिथे वेगळ्या आदेशानेच लागू करावे लागत.

१८९१ ची सुधारणा

मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १८९१ च्या कायद्याने कामगारसंख्येची अट ५० वर आणली, आठवड्याची सुट्टी दिली आणि स्त्रियांसाठी रोज ११ तासांची मर्यादा घातली.

१९११ : दार उघडलं, पण अर्धंच

१९११ च्या कायद्यात चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखानेही आले. स्त्रियांना रात्री कामावर ठेवायला मनाई झाली. मात्र जिनिंग-प्रेसिंगसाठी त्यातून सूट ठेवली गेली. कापूस एकदम बाजारात येतो, तेव्हा यंत्रं रात्रंदिवस चालवावी लागतात, अशी मालकांची बाजू होती. ज्या धंद्यात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, तिथेच हे संरक्षण सैल राहिलं.

पुढे काय झालं?

१९१९ च्या वॉशिंग्टन कामगार परिषदेनंतर १९२२ चा कायदा आला. त्याने रोज ११ आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली आणि कामासाठी किमान वय १२ केलं. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांचे तास आठवड्याला ५४ झाले. हंगामी कारखान्यांसाठी ६० तासच राहिले.

बारमाही आणि हंगामी हा भेद स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कारखाना कायद्याने काढून टाकला. दोन्हीकडे आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. पहिल्या कायद्यापासून तिथवर ६७ वर्षं गेली होती.