तारप्याचे वर्तुळ आणि रंगमंचाची चौकट

वसाहतवादाचा वारसा म्हटला की रेल्वे, न्यायालये आणि इंग्रजी शिक्षण आठवते. रंगभूमीवर हा वारसा तीन रूपांनी उरला : समोरून पाहण्याची चौकट, तिकीट आणि प्रयोगापूर्वीची परवानगी. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत तो ठळकपणे जाणवतो, कारण तेथील वारली समाजाची प्रयोगपरंपरा या तिन्हींच्या बाहेर वाढली.

भाताचे नवे पीक हाती आले की पाड्यांवर तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांपासून हे वाद्य तयार होते. वादक मध्यभागी असतो आणि एकमेकांना धरलेल्या स्त्री-पुरुषांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा संकेत. पाहणारा केव्हाही साखळीत शिरू शकतो. शेजारच्या जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात देवादिकांचे मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर नाचतात. तेथेही लिखित संहिता नसते.

चौकट आली कोठून?

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, ते संस्थानिकांच्या आश्रयाने. मुंबईत जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने १८४६ मध्ये ग्रँट रोड येथे युरोपीय धर्तीचे नाट्यगृह उभे राहिले. १८५३ मध्ये भावे यांनी तेथे तिकीट लावून प्रयोग केले. पडदा, चौकट आणि अंधारातील प्रेक्षक हेच पुढे 'नाटक' ठरले. उरलेले सारे 'लोककला' या सदरात गेले.

नियंत्रणही त्याच काळातले. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने सरकारला प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार दिला. कृ. प्र. खाडिलकर यांच्या 'कीचकवध' नाटकावर १९१० मध्ये बंदी आली. हा कायदा रद्द होण्यास २०१८ साल उजाडले. मात्र महाराष्ट्रात संहिता आधी तपासून घेण्याची पद्धत १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखालील नियमांनी चालू राहिली. अमोल पालेकर यांनी तिला २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्या कलेला संहिताच नाही, तिने तपासणीसाठी काय सादर करावे, हा प्रश्न या पद्धतीत बसतच नाही.

जमिनीचा संदर्भ

तलासरी परिसराला वसाहतकाळाची आठवण वेठबिगारीतून आहे. मे १९४५ मध्ये झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात या लढ्याची हकिगत आहे.

केनियातील कामिरिथू गावाचे उदाहरण येथे बोलके ठरते. १९७७ मध्ये न्गुगी वा थिओंगो यांनी तेथील शेतकरी-कामगारांसह गिकुयू भाषेत नाटक केले. विषय जमिनीचाच होता. स्वतंत्र देशाच्या सरकारने परवाना काढून घेतला आणि लेखकाला तुरुंगात टाकले. राज्यकर्ते बदलले तरी परवान्याची सत्ता शिल्लक राहते, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्रात 'घाशीराम कोतवाल'ने (१९७२) लोकनाट्याचे घाट शहरी रंगमंचावर आणले. प्रयोग गाजला, पण चौकट आणि तिकीट कायम राहिले. तारप्याचेही तेच होते. महोत्सवाच्या व्यासपीठावर वर्तुळ उघडून अर्धवर्तुळ करावे लागते, रात्रभराचा नाच काही मिनिटांत आटोपावा लागतो आणि वादक कडेला उभा राहतो.

म्हणून रंगभूमीचे निर्वसाहतीकरण म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत तारप्याची भर घालणे नव्हे. प्रयोग कोणाच्या भाषेत, कोणाच्या जागेत, किती वेळ आणि कोणाच्या संमतीने व्हावा, हे ठरविण्याचा हक्क पाड्याकडे जाणे, हा त्याचा खरा अर्थ आहे. तो हक्क मिळेपर्यंत वारल्यांना आपला नाच परक्या चौकटीच्या मापानेच बसवावा लागेल.