अक्षरं तीच, शब्द निराळे



आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी साठीला टेकल्यावर एबीसीडी शिकायला घेतली. गटाच्या कर्जाच्या वहीत ‘यूज्ड’ असा एक रकाना आहे. कर्जाचे पैसे कशाला वापरले, ते त्यात लिहितात. तो शब्द मावशींनी अक्षरं मोजून पाठ केला होता : यू, एस, ई, डी.

पुढे त्यांनी शिलाई मशीनसाठी बाहेरून हप्त्यावर कर्ज काढलं. एके दिवशी त्याचं पत्र आलं. वरती ठळक चार अक्षरं होती : डी, यू, ई, एस. ‘अक्षरं तर तीच आहेत, म्हणजे पैसे वापरल्याचं लिहिलं असेल,’ असं म्हणून त्यांनी पत्र डब्यात ठेवून दिलं. तो शब्द होता ‘ड्यूज’, म्हणजे थकबाकी. दोन महिन्यांनी दंड बसला, तेव्हा त्या पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “ताई, अक्षरं एकसुद्धा चुकले नव्हते गं!”

खरंच चुकल्या नव्हत्या. चुकला होता फक्त क्रम. आपल्याकडेही ‘रस’ उलटा केला की ‘सर’ होतो आणि ‘वन’चं ‘नव’ होतं. इंग्रजीत तर अशा शब्दांची रेलचेल आहे. त्यातल्या काहींचा इतिहास आज सांगते.

सुरुवात चहापासून करू. टी, ई, ए म्हणजे ‘टी’, आपला चहा. हीच अक्षरं ई, ए, टी अशी लावली की ‘ईट’, म्हणजे खाणं. ए, टी, ई लावली की ‘एट’, म्हणजे खाल्लं. तीन अक्षरांत चहा आणि नाश्ता दोन्ही उरकले! पण हे शब्द एका घरातले नाहीत. चीनच्या फुजियान किनाऱ्यावर चहाला ‘ते’ म्हणत. डच व्यापाऱ्यांनी तो शब्द युरोपात नेला आणि सतराव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. चीनच्याच दुसऱ्या भागांत ‘चा’ म्हणत, आणि आपला ‘चहा’ त्या घराण्यातला. ‘ईट’ मात्र इंग्रजीचा जुना घरचा शब्द. संस्कृतात खाणं या अर्थाचा ‘अद्’ धातू आहे, त्याचा हा लांबचा नातेवाईक. आपलं ‘अन्न’ याच धातूपासून झालं. म्हणजे ‘ईट’ आणि ‘अन्न’ हे दूरचे चुलत भाऊ, आणि शेजारचा ‘टी’ परक्या गावाहून आलेला पाहुणा.

आता मावशींच्या पत्राकडे येऊ. डी, यू, ई, एस या चार अक्षरांतून एक तिसरा शब्दही निघतो : एस, यू, ई, डी. त्याचा उच्चार आपल्या ‘सूड’सारखाच, आणि अर्थ ‘कोर्टात खेचलं’. हे तिन्ही शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आले. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांताच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढे कित्येक पिढ्या तिथल्या दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच होती. कोर्टात वाद इंग्रजीतून चालावेत असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. तोवर देण्याघेण्याचे आणि कज्जाचे पुष्कळ शब्द इंग्रजीत मुरले होते. ‘ड्यू’च्या मुळाशी ‘देणं लागणं’ आहे. ‘यूज’च्या मुळाशी वापरणं आहे. आणि ‘सू’च्या मुळाशी आहे मागे मागे जाणं. पैसे वापरले, देणं थकलं की कोणीतरी मागे लागतंच! सामान्य इंग्रज शेतकऱ्यालाही ती कोर्टाची भाषा कळत नसे. आपल्यासमोर इंग्रजी कागद आला की आपलं होतं, तेच त्याचंही होत असणार.

आणखी एक जोडी आपल्या फार कामाची आहे. व्ही, ओ, टी, ई म्हणजे ‘व्होट’ आणि व्ही, ई, टी, ओ म्हणजे ‘व्हेटो’. दोन्ही शब्द लॅटिनमधले. ‘व्होट’ आला ‘वोटुम’वरून. त्याचा अर्थ नवस, मनातली इच्छा. ‘व्हेटो’ म्हणजे ‘मी मनाई करते’. प्राचीन रोममध्ये सामान्य लोकांचे ट्रिब्यून नावाचे प्रतिनिधी असत आणि बड्या अधिकाऱ्यांचा निर्णय रोखण्याचा हक्क त्यांना होता. आज संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच देशांकडे व्हेटो आहे.

व्होट बायकांना सहज मिळालं नाही. इंग्लंडमध्ये १९१८ साली ते तिशीच्या पुढच्या काही बायकांनाच मिळालं. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. आपल्या संविधानाने मात्र सगळ्या सज्ञान स्त्री-पुरुषांना एकदमच मताचा हक्क दिला.

आणि मैत्रिणींनो, आपल्या महाराष्ट्रात तर बायकांनी व्होटचाच व्हेटो करून दाखवला आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं, तेव्हा चिठ्ठीवर बाटलीची दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला टाळं लागतं. बाटली तीच, नुसती आडवी केली की अर्थ पालटतो. अगदी आपल्या अक्षरांसारखं.

तेव्हा सुटी अक्षरं ओळखली की वाचता आलं, असं समजू नका. पूर्ण शब्द वाचा, आणि नाही लागला तर सही करण्याआधी विचारा. विचारण्यात कसली आलीय लाज? मावशींनी दंड भरला, पण शिकणं सोडलं नाही. आता गटात कोणताही कागद आला की त्या आधी चष्मा लावतात आणि विचारतात, “अक्षरं कळली गं, पण लावलीत कशी?”