सेल्फ-होस्टिंग छांदिष्ट आणि लिंगभाव

फोटो, फायली, पासवर्ड कंपन्यांच्या क्लाउडवर न ठेवता घरच्या सर्व्हरवर सांभाळण्याचा छंद म्हणजे सेल्फ-होस्टिंग. जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (2012) एवढ्यावर तो सुरू होतो. नेक्स्टक्लाउड, जेलिफिन, पाय-होल ही त्यातली नेहमीची नावे. घरात सर्व्हर ठेवायला नोंदणी लागत नाही, म्हणून त्यात स्त्री-पुरुष किती याचा अंदाज बांधायचा तो शेजारच्या ओपन सोर्स जगावरून. गिटहबच्या 2017 च्या सर्वेक्षणात 95 टक्के उत्तरदाते पुरुष, 3 टक्के स्त्रिया आणि 1 टक्का नॉन-बायनरी होते.

स्त्रियांना यात गोडीच नसते, हे ठरलेले उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. 2006 च्या फ्लॉसपोल्स या युरोपीय अभ्यासात व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये स्त्रिया सुमारे 28 टक्के, तर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जेमतेम दीड टक्का आढळल्या. कौशल्य तेच, मग फरक कशाचा? नोकरीतल्या तासांना पगार असतो, छंदाचे तास घरातून काढावे लागतात. भारताच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी 299 मिनिटे जात होती, पुरुषांची 97. रात्री दहाला पाय-होल बंद पडला, की संकेतस्थळांचे पत्ते शोधणाऱ्या डीएनएस विचारणांना उत्तर मिळत नाही आणि घरभर नेट ठप्प होते. तेव्हा लॉग वाचत तासभर निवांत बसण्याची मुभा कोणाला असते, आणि राउटरचा पासवर्ड कोणाकडे असतो, यावर छांदिष्ट कोण होणार हे बरेचसे ठरते.

फुरसत असूनही स्त्रिया दुसरे छंद निवडतात, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण आवडही घडवली जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संगणकशास्त्राच्या प्रवेशांत मुलींचे प्रमाण 1995 मध्ये 7 टक्के होते, ते 2000 मध्ये 42 टक्क्यांवर गेले. तिथल्या अभ्यासक जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांना घरचा संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असल्याचे दिसले होते. विद्यापीठ म्हणजे छंद नव्हे, हे खरे. तरी उपजत कल पाच वर्षांत एवढा पालटत नाही. स्त्रिया टोपणनावाआड असतात म्हणून मोजल्या जात नाहीत, हा दुसरा आक्षेप त्याहून लंगडा आहे: निनावी प्रश्नावलीत नाव लपवावेच लागत नाही. शिवाय स्त्रीवादी गटांनी स्वतः चालवलेले सर्व्हरही आहेत. त्यांपैकी सिस्टरसर्व्हर 2005 पासूनचा.