रेडिएटर, पंखा आणि एक टन ओझं : फोर्ड टीटी ट्रकची गोष्ट

जुन्या वाहनांचा इतिहास सांगताना आपण इंजिनाचं कौतुक फार करतो. अश्वशक्ती किती, सिलिंडर किती, वेग किती. पण त्या इंजिनात तयार झालेली उष्णता जाते कुठे, हे सहसा कोणी विचारत नाही. आज आपण तेवढंच विचारू, आणि त्यासाठी एकच ट्रक घेऊ : अमेरिकेत १९१७ साली आलेला फोर्ड मॉडेल टीटी.

आधी थोडं मागे जाऊ. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. पाणी उकळायचं, वाफ होऊन जायचं, वरून नवं ओतायचं. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं. यावर मोठा तोडगा काढला विल्हेल्म मायबाखने. १९०१ च्या मर्सिडीजला त्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला. त्यात सहा मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. पाणी १८ लिटरऐवजी ९ लिटरांत भागू लागलं. शिवाय मागे पंखा बसवला, कारण गाडी हळू चालली की समोरून वारा मिळत नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मोटार वेगाने पळते, तिला वारा आयता मिळतो. ट्रकचं तसं नसतं. तो सगळ्यात जास्त कष्ट करतो तेव्हाच सगळ्यात हळू चालतो. भरलेला ट्रक घाट चढताना आठवा : इंजिन ओरडतंय आणि शेजारून माणूस चालत पुढे जाईल असा वेग. म्हणून ट्रकच्या बाबतीत पंखा ही चैन नाही.

आता टीटी. फोर्डने मॉडेल टी मोटारीचंच इंजिन घेतलं, २.९ लिटरचं, सुमारे २० अश्वशक्तीचं. चॅसी लांब आणि दणकट केली, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १०० इंचांवरून १२४ वर नेलं आणि वर एक टन ओझं ठेवलं. ताकद तीच, ओझं जास्त, मग जमवलं कसं? मागच्या आसातले गिअर बदलून. मोटारीत चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ३.६४ फेरे पडत. टीटीत ते ७.२५ झाले. म्हणजे त्याच वेगाला इंजिन जवळजवळ दुप्पट फिरणार. उष्णता वाढली, वारा मात्र वाढला नाही.

त्यात या इंजिनाला पाण्याचा पंप नाही. मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना तो होता, पुढे काढून टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरतं, त्यावरच सगळं चालतं. स्वस्त आणि साधं. पण रेडिएटरमधलं पाणी वरच्या तोंडाच्या खाली गेलं की हा फेरा थांबतो, आणि मग उकळायला वेळ लागत नाही.

असा ट्रक पुन्हा उभा करताना रेडिएटर-पंखा बसवायचं काम किरकोळ वाटतं. पण बघा. जुन्या रेडिएटरच्या नळ्या आतून साफ असल्या तरी बाहेरचे पत्रे नळ्यांपासून सुटलेले असतात. पाणी वाहतं, उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटरचा वरचा दांडा चुकीचा आवळला तर रेडिएटर मागे कलतो आणि पाती जाळीला घासतात. पंख्याचा चपटा पट्टा सैल असला तर घसरतो, फार ताणला तर पंख्याच्या बुशिंगची झीज होते. आणि जुन्या पंख्याची रिवेट मारलेली पाती तडकून उडतात. ती रेडिएटर फाडतात, माणसालाही लागू शकतात.

इथे खरा वाद सुरू होतो. काही मंडळी म्हणतात, पंप लावा, विजेचा पंखा लावा, गाडी तापायचीच नाही. दुसरी म्हणतात, मूळ ते मूळ, तडकलेलं पातंही ठेवा. आम्हाला दोन्ही पटत नाही. तडकलेलं पातं बदललंच पाहिजे. इतिहासासाठी कोणाचा डोळा जाता कामा नये. पण पट्ट्यावरचा पंखा आणि पंपाविना फिरणारं पाणी ठेवावं. कारण त्या ट्रकची चाल तिथेच लिहिलेली आहे. पंप लावलेला टीटी चढ न थांबता चढतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की १९१८ चा ड्रायव्हरही तसाच चढत असेल. त्याचं थांबणं, बोनेट उघडणं, इंजिन निवेपर्यंत वाट बघणं, जवळ पाण्याचा डबा बाळगणं, हा त्याच्या दिवसाच्या कामाचा भाग होता. तो आपण नकळत पुसून टाकतो.

दिसण्याचंही तेच. पुष्कळांना चकचकीत पितळी रेडिएटर हवा असतो. पण फोर्डने पितळ सोडून काळा पत्रा घेतला तो टीटी येण्याआधीच. टीटीवर पितळ म्हणजे कधीच नसलेला ट्रक.

तेव्हा आमचं सांगणं एवढंच : सुरक्षेसाठी जे बदलाल ते तारीख घालून वहीत लिहा, काढलेला भाग डब्यात घालून गाडीसोबत ठेवा. आणि चढावर ट्रक तापला तर घाबरू नका. थांबा, झाकण लगेच उघडू नका, निवू द्या. मग पाणी घाला आणि निघा.