जडीबुटीची पावडर घेण्याआधी डबा उलटा करून वाचा

वजन घटवणारी पावडर अन् ताकदीच्या गोळ्या : काय असतं, काय तपासायचं, तक्रार कुठे करायची

मुकुटबन : दिवसभर कापूस वेचला की कंबर धरते, कारखान्यातली रात्रपाळी करून आलं की अंग मोडून येतं. कोणाचं पोट सुटत चाललं असतं, कोणाला चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. अशा माणसाला पावडरचा डबा विकणं सोपं असतं. विकणारा कधी बाजारातला जडीबुटीवाला असतो, कधी साखळी पद्धतीने माल विकणारा ओळखीचाच माणूस, तर कधी मोबाईलवरची जाहिरात. बोल मात्र एकच असतो, "वनस्पतीचं आहे, साईड इफेक्ट काहीच नाही."

वनस्पतीचं आहे म्हणून त्रास होत नाही, हे खरं नाही. धोतरा अन् कण्हेर पण वनस्पतीच आहेत. जी वस्तू शरीरावर काम करते, ती चुकीच्या माणसाला किंवा जास्त प्रमाणात दिली तर अपायही करू शकते. म्हणून पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी माहीत असाव्यात.

दहा दिवसांत दहा किलो : हिशोब करून पाहा

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलो म्हणजे ७७,००० कॅलरी. ती दहा दिवसांत जाळायची तर रोज ७,७०० कॅलरी जास्तीच्या खर्च व्हायला पाहिजेत. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाचा पूर्ण दिवसाचा खर्चच साधारण ३,००० कॅलरीच्या आसपास असतो. म्हणजे माणसाने दहा दिवस काहीच खाल्लं नाही तरी हा हिशोब जुळत नाही.

मग काट्यावर वजन कमी दिसतं ते कशाने? बऱ्याच चूर्णांत सोनामुखीसारखं रेचक असतं. जुलाब होतात, शरीरातलं पाणी जातं, वजन उतरतं. पाणी प्यायलं की ते परत येतं. चरबी तिथल्या तिथेच राहते. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन कमी होतं. टिकणारा वेग एवढाच.

डब्यात काय काय असू शकतं

गार्सिनिया : कोकमाच्या कुळातलं फळ. वजन घटवण्याच्या गोळ्यांत याचा अर्क असतो. फायदा फार थोडा दिसला आहे, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.

ग्रीन टीचा अर्क : कपभर चहा वेगळा अन् गोळीतला घट्ट अर्क वेगळा. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की गोळ्यांतून या चहातला मुख्य घटक रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर यकृतावर ताण येऊ शकतो.

अश्वगंधा : ताकदीसाठी सगळ्यात जास्त विकली जाते. गरोदर बाई, थायरॉईडची गोळी घेणारे अन् यकृताचा आजार असलेले यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

कॅफीन : 'एनर्जी' पावडर घेतल्यावर लगेच तरतरी येते, ती बरेचदा चहा-कॉफीतल्या याच घटकाची असते. छातीत धडधड होते, झोप उडते. बीपीवाल्यांनी जपावं.

लपवलेलं ॲलोपॅथी औषध : सगळ्यात मोठा धोका हा. सिब्युट्रामीन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकार अन् पक्षाघाताचा धोका वाढवतं म्हणून भारत सरकारने फेब्रुवारी २०११ मध्ये बंद केलं. तरीही जगभरात 'हर्बल' म्हणून विकलेल्या गोळ्यांच्या तपासणीत ते सापडत आलं आहे. वजन वाढवणाऱ्या अन् अंगदुखीच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळल्याचे प्रकारही घडले आहेत. त्याने भूक लागते, चेहरा भरतो, दुखणं थांबतं. पण साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेऊन एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पुडीचा गुण दोन दिवसांत दिसला तर खूश होण्याआधी शंका घ्यावी.

मुंबईतले सहा रुग्ण

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. डॉक्टरांनी २०२१ मध्ये हे यकृतविषयक वैद्यकीय नियतकालिकात छापलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का हे तपासलं नाही, दिसायला तशीच दुसरी वेलही असू शकते, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं.

दोन्ही बाजू ऐकल्या तरी घेणाऱ्यासाठी गोष्ट एकच उरते. कुटून चूर्ण केलेल्या वस्तूत नेमकं काय आहे, हे डोळ्याने कळत नाही.

डबा उलटा करा

सुटी पुडी अन् बिनलेबलची बाटली घेऊच नये. डबा असेल तर तो दोनपैकी एका प्रकारचा असला पाहिजे.

१) आयुर्वेदिक औषध : 'आयुर्वेदिक मेडिसिन' असं लिहिलेलं, उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची अन् संपण्याची तारीख, घटकांची यादी, कंपनीचा पत्ता.

२) पूरक आहार, म्हणजे हेल्थ सप्लिमेंट : एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक. यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशी इंग्रजीत सूचना असावी लागते. हा क्रमांक मोबाईलवर 'फॉस्कोस' या सरकारी संकेतस्थळावर टाकला की परवाना कोणाच्या नावाने आहे ते दिसतं.

विकणारा म्हणतो शुगर बरी होते अन् डब्यावर लिहिलंय औषधी वापरासाठी नाही, तर दोन्हीपैकी डब्यावरचं खरं धरावं. परवाना आहे म्हणजे गुण येईलच असंही नाही. पण काही झालं तर जबाबदार कोण, हे तरी त्यावरून कळतं.

औषधाने लठ्ठपणा, मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषध व चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

ताकद का गेली, ते आधी शोधा

थकवा हा आजार नाही, आजाराची खूण आहे. रक्त कमी असणं, शुगर, थायरॉईड, क्षयरोग, कशानेही थकवा येतो. पावडर पीत बसलं तर खरा आजार आत वाढत राहतो.

विदर्भात, खासकरून आदिवासी समाजात, सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणजे जुलाब लावणारं वजन घटवण्याचं चूर्ण त्याच्यासाठी सरळ धोक्याचं आहे. लोह असलेली 'रक्तवाढीची' पावडरही त्याने मनाने घेऊ नये. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं असून ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात आहे. घरात तपासणी झाली नसेल तर आशाताईंना विचारा. हिमोग्लोबिन अन् शुगरची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढच्या उपचारासाठी यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

साखळीत नाव टाकण्याआधी

"तू पण विक, खाली माणसं जोड" असा आग्रह झाला तर थेट विक्रीचे २०२१ चे नियम लक्षात ठेवा. सभासद होण्यासाठी प्रवेश शुल्क घेता येत नाही. फक्त माणसं जोडल्याबद्दल पैसे देणारी साखळी चालवायला मनाई आहे. विक्रेत्याने घरी येण्याआधी विचारलं पाहिजे अन् ओळखपत्र जवळ ठेवलं पाहिजे. घेतलेल्या मालाचं बिल मागून घ्या.

त्रास झाला तर

डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, अंगाला खाज, मळमळ, पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखणं, ही यकृताला इजा झाल्याची लक्षणं असू शकतात. सप्लिमेंट लगेच बंद करून दवाखाना गाठा. डबा फेकू नका, सोबत न्या. काय घेतलं, किती दिवस घेतलं, हे डॉक्टरांना लाज न धरता सांगा. पुडीत स्टेरॉईड असल्याची शंका असेल अन् ती बरेच दिवस घेतली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ती कशी सोडवायची ते त्यांनाच ठरवू द्या.

तक्रारीसाठी अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ अन् राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल, डबा अन् जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवला तर तक्रारीत वजन राहतं.